आधी, नंतर आणि ‘व्यापिनी’ : एका शब्दातले दोन कालसंबंध



आजच्या विषयाचं नाव पत्रिकेत जरा जड छापलं गेलंय : ‘सामायिक ऑन्टॉलॉजीतील कालसंबंधांच्या दुहेरी व्याख्या आणि त्यांची दुरुस्ती’. नाव मीच दिलं होतं, तेव्हा तक्रार करायची सोय नाही. पण सोलापूरकरांना हा विषय एका वाक्यात सांगता येतो. पाणी ‘चार दिवसांआड’ येणार, म्हणजे नेमकं कधी येणार? आज सोमवारी आलं, तर शुक्रवारी की शनिवारी?

आमच्या गल्लीत यावर दोन पक्ष आहेत. ‘दिवसाआड’ म्हणजे मध्ये एक कोरडा दिवस, इथपर्यंत दोघांचं एकमत. पुढे एक पक्ष म्हणतो, मध्ये चार कोरडे दिवस, म्हणून शनिवार. दुसरा म्हणतो, चौथ्या दिवशी, म्हणून शुक्रवार. दोघांनाही मराठी येतं आणि मोजताही येतं. ‘आड’ हा शब्द मात्र दोघांनी वेगवेगळ्या अर्थाने धरलाय, आणि कळशा कोणत्या दिवशी रिकाम्या ठेवायच्या हे त्यावर ठरतं.

आता ‘ऑन्टॉलॉजी’ हा शब्द. आम्ही तत्त्वज्ञानवाले याला सत्तामीमांसा म्हणतो : जगात कोणकोणत्या प्रकारच्या गोष्टी आहेत आणि त्यांचे परस्परांशी संबंध काय, याचा विचार. संगणकवाल्यांनी हा शब्द आमच्याकडून उसना नेला आणि, खरं सांगायचं तर, आमच्यापेक्षा जास्त वापरला. त्यांच्याकडे ऑन्टॉलॉजी म्हणजे संकल्पना आणि संबंध यांची एक काटेकोर यादी. प्रत्येक नोंदीला क्रमांक, प्रत्येकीची व्याख्या, आणि यंत्राला निष्कर्ष काढता यावेत असे नियम. ‘सामायिक’ म्हणजे ही यादी एका संस्थेची नाही. अनेक प्रयोगशाळा, रुग्णालयं, ग्रंथालयं आपापली माहिती याच यादीतल्या शब्दांत लिहितात. म्हणजे एकाची माहिती दुसऱ्याला वापरता येते.

अशा यादीत ‘क्ष हा य च्या आधी घडतो’ हा संबंध दोन ठिकाणी, दोन क्रमांकांनी, दोन व्याख्यांनी आला तर काय करायचं? पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं : एक ठेवा, एक पुसा. माझी आजची टीका याच उत्तरावर आहे.

एक घरचा अनुभव सांगतो. मला मधुमेह आहे. ‘जेवणानंतर दोन तासांची’ साखर मी कित्येक वर्षं तपासतो आणि वहीत लिहितो. मध्ये तपासणीची जागा बदलली. नव्या जागेचे आकडे चढे येऊ लागले. डॉक्टरांनी वही पाहिली, भुवया उंचावल्या, गोळी वाढवायचं बोलणं सुरू झालं. तेवढ्यात तिथल्या एका तरुण सहायकाने विचारलं, “काका, दोन तास कुठून मोजता?” मी म्हटलं, “जेवण झाल्यापासून. ‘जेवणानंतर’ म्हणजे दुसरं काय?” तो म्हणाला, “इथे पहिल्या घासापासून मोजतात.” वैद्यकात सामान्यतः जेवणाच्या सुरुवातीपासूनच मोजतात. आधीच्या ठिकाणी मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. आणि मी जेवताना पेपर वाचतो. माझं जेवण चाळीस मिनिटं चालतं.

पाहा, वहीत स्तंभ एकच होता, शीर्षक एकच होतं. आत मात्र दोन संबंध होते : ‘जेवण सुरू झाल्यानंतर’ आणि ‘जेवण संपल्यानंतर’. आकडे खरे होते. आजार वाढलेला नव्हता, व्याख्या बदललेली होती. ही माझी एकट्याची वही. हजारो रुग्णांच्या नोंदी एका यादीखाली आणल्या, तर हा तरुण प्रत्येक टेबलाशी उभा राहून प्रश्न विचारणार नाही.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी ही दोन दुखणी वेगळी ओळखली होती. एकाच गोष्टीला दोन नावं असली तर ते पर्याय : घट म्हणा, कलश म्हणा. एकाच नावाच्या दोन गोष्टी असल्या तर ते नानार्थ. याचं ठरलेलं उदाहरण ‘सैंधव’. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे घोडा. जेवायला बसलेल्याने सैंधव मागितलं तर घोडा आणून चालत नाही. यादीतली दुहेरी नोंद बहुधा पर्यायाच्या वेशात येते, म्हणून आपण ती बेधडक एक करतो. एक केल्यावर कळतं की मीठ आणि घोडा एका पोत्यात भरलेत.

हे मला पंचांगातून दाखवायचंय. सोलापुरात उभं राहून काळाबद्दल बोलायचं आणि दाते पंचांगाचं नाव घ्यायचं नाही, हे बरं दिसणार नाही. आणि पंचांग ही आपली सर्वात जुनी सामायिक ऑन्टॉलॉजीच आहे. एक यादी, लाखो घरं, आणि त्या यादीवरून सगळ्यांनी आपापल्या कृती ठरवायच्या.

पहिलं उदाहरण महाशिवरात्रीचं. आपल्याकडे ती माघ वद्य चतुर्दशीला. उत्तरेत तीच फाल्गुन कृष्ण चतुर्दशीला. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून वद्य पक्षात महिन्याचं नाव बदलतं. पण दिवस एकच. काशीचा माणूस आणि सोलापूरचा माणूस एकाच रात्री जागतात. हे निव्वळ पर्याय. इथे दुरुस्ती सोपी : दोन नावांना जोडणारी एक ओळ लिहायची. कुणाचं काही बिघडत नाही.

दुसरं उदाहरण एकादशीचं. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा याचं वेगळं वर्णन नको. काही महिन्यांत पंचांगात दोन ओळी दिसतात : स्मार्त एकादशी आणि दुसऱ्या दिवशी भागवत एकादशी. तिथी काही सूर्योदयाला सुरू होऊन सूर्योदयाला संपत नाही; ती दिवसात कुठेही बदलते. मग दशमीने एकादशीला कुठपर्यंत शिवलेलं चालेल? स्मार्त लोक सूर्योदय पाहतात. वैष्णव त्याआधीचा अरुणोदय पाहतात, म्हणजे सूर्योदयापूर्वीच्या चार घटिका, शहाण्णव मिनिटं. त्या वेळात दशमी शिल्लक असेल तर ती एकादशी त्यांना ‘विद्ध’, टोचली गेलेली, म्हणून नको. नियम दोन आहेत, ते खरंच वेगळे आहेत, आणि परंपरेने काय केलं? दोघांना दोन नावं दिली. कुणाला पुसलं नाही. नानार्थावर याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

तिसरं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २०२४ ची दिवाळी. लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला? अमावास्या ३१ तारखेला दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी लागली आणि १ तारखेला संध्याकाळी ६ वाजून १६ मिनिटांनी संपली. लक्ष्मीपूजनाला ‘प्रदोषव्यापिनी’ अमावास्या हवी, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या प्रदोषकाळाला व्यापणारी. इथपर्यंत सर्वांचं एकमत. तरी काशीच्या विद्वानांनी ३१ तारीख सांगितली, केंद्र सरकारची सुट्टी ३१ ला होती. दाते पंचांगाने १ तारीख दिली आणि महाराष्ट्राची सुट्टी १ ला होती. व्यापाऱ्यांना वह्या कधी पुजायच्या ते कळेना, आणि ज्यांची एक लेक दिल्लीला न् एक पुण्याला, त्यांच्या घरी फोनवर दोन दिवस वाद.

लोक म्हणाले, गणितात चूक झाली. गणितात कुठेही चूक नव्हती.  भानगड ‘व्यापिनी’ या शब्दात होती. ३१ तारखेला सगळा प्रदोष अमावास्येच्या पोटात होता. १ तारखेला सोलापुरात सूर्य सहाच्या थोडा आधी मावळला आणि सव्वासहाला अमावास्या संपली. प्रदोषाच्या सुरुवातीचा एक तुकडा तेवढा अमावास्येत आला. पहिला संबंध ‘पूर्ण आत असणे’, दुसरा ‘अंशतः आच्छादणे’. दोन्हींना आपण व्यापिनीच म्हणतो. मग पुढचे प्रश्न येतात. नुसता स्पर्श पुरे, की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं तरी हवीत? दोन्ही दिवशी व्याप्ती असेल तर पहिला दिवस धरायचा की दुसरा? दुसरा धरावा या मताला ग्रंथांचा आधार आहे, आणि महाराष्ट्राने तो घेतला.

इथे एका माणसाचं श्रेय त्याला दिलं पाहिजे. ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ लिहिणारे काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये पंढरपूरचे. साल १७९० च्या सुमाराचं. या ग्रंथाकडे धर्म बाजूला ठेवून, केवळ कालसंबंधांचं पुस्तक म्हणून पाहा. तिथी पहिल्याच दिवशी त्या काळाला व्यापते. दुसऱ्याच दिवशी व्यापते. दोन्ही दिवशी व्यापते. एकाही दिवशी नाही. दोन्ही दिवशी अंशतः व्यापते, त्यातही समान अंशाने किंवा कमीजास्त अंशाने. अशी प्रकरणं पाडून प्रत्येकाचा निकाल. हे काम कुठल्याही आधुनिक प्रमाणक समितीला शोभेल. माझी तक्रार एकच : प्रकरणं वेगळी पाडली, पण त्या वेगळ्या संबंधांना वेगळी नावं दिली नाहीत. शब्द एकच राहिला, आणि शब्दाबरोबर त्याची प्रकरणं प्रवासाला निघत नाहीत. दिनदर्शिकेच्या चौकटीत ‘प्रदोषव्यापिनी’ एवढंच मावतं.

आता संगणकाकडे येऊ. १९८३ साली जेम्स ॲलन या संशोधकाने दाखवलं की दोन कालखंडांमध्ये मूलभूत संबंध फक्त तेराच असू शकतात. आधी; भिडून; अंशतः आच्छादून; एकत्र सुरू होऊन; पूर्ण आत; एकत्र संपून. हे सहा, यांचे उलटे सहा, आणि दोन्ही खंड अगदी एक, हा तेरावा. आपली २०२४ ची दिवाळी या तेरांतल्या दोन घरांत बसते. पुढे १९८५ मध्ये ॲलन आणि पॅट्रिक हेज यांनी आणखी एक गोष्ट दाखवली : हे सगळे संबंध एकट्या ‘भिडणे’ या संबंधावरून रचता येतात. एक मूळ धरा, बाकीचे त्यातून काढा. आमच्या न्यायशास्त्रात याला लाघव म्हणतात. कमीत कमी मानून जास्तीत जास्त सांगणं.

पण सामायिक यादीत लाघव टिकत नाही. वेब प्रमाणकं ठरवणाऱ्या डब्ल्यू थ्री सी या संस्थेने २०१७ मध्ये काळासाठी एक ऑन्टॉलॉजी शिफारस म्हणून प्रसिद्ध केली, आउल-टाइम नावाची. तीत ‘आधी’ दोनदा आहे. एक सर्वसाधारण ‘आधी’, जो क्षणांनाही लागतो आणि खंडांनाही. आणि एक ‘खंड-आधी’, फक्त खऱ्या खंडांसाठी. दोन्हींची व्याख्या वाचली तर जवळजवळ तीच : पहिल्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीच्या आधी. घाईचा माणूस म्हणेल, ही दुहेरी नोंद आहे, एक उडवा.

उडवू नये. कारण दुसरा संबंध पहिल्याचा पोटसंबंध म्हणून नोंदलेला आहे. ‘खंड-आधी’ म्हटलं की यंत्राला ‘आधी’ आपोआप कळतं. उलट मात्र कळत नाही, आणि कळूही नये, कारण क्षणाला खंड म्हणता येत नाही. रचना बरोबर आहे. माझी टीका वेगळी आहे. वापरणाऱ्यांपैकी निम्मे एक शब्द उचलतील, निम्मे दुसरा. मग ‘खंड-आधी’ विचारून शोध घेणाऱ्याच्या हाती निम्म्याच नोंदी लागतील, आणि आपल्याला निम्म्याच मिळाल्यात हे त्याला कळणारही नाही. दोन जवळचे शब्द ठेवायचे असतील तर ‘केव्हा कोणता’ हे व्याख्येशेजारीच, उदाहरणासह लिहिलं पाहिजे.

यापेक्षा खोल खड्डा जीवशास्त्राच्या ऑन्टॉलॉजीत आहे. २००५ साली बॅरी स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जैववैद्यकीय यादींसाठी दहा संबंधांच्या काटेकोर व्याख्या मांडल्या. त्यात ‘च्या मागून घडणे’ हा कालसंबंध होता. त्यांनी बजावलं की वस्तूंमधला संबंध आणि वर्गांमधला संबंध एक नाही. आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. डाळिंबाचं प्रत्येक फळ फुलाच्या मागून येतं. हे प्रत्येक फळाबाबत खरं. मग ‘फुलाच्या पुढे फळ येतं’ हे त्याचंच उलटं वाक्य, तेव्हा दुहेरी नोंद, एक पुरे? सांगोल्याच्या शेतकऱ्याला विचारा. किती फुलं गळतात ते तो सांगेल. प्रत्येक फळाआधी फूल असतं. प्रत्येक फुलानंतर फळ नसतं. एका विशिष्ट फुलाबद्दल आणि त्याच्याच फळाबद्दल बोलाल, तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ एकमेकांचे नेमके उलटे. ‘प्रत्येक’ हा शब्द आला की ते तसे राहत नाहीत. हे विसरून दोन नोंदी एक केल्या, तर यंत्र शांतपणे सांगेल की बागेतल्या प्रत्येक फुलाला डाळिंब लागणार.

आणि तिसरा खड्डा, ‘आधी’ आणि ‘लगेच आधी’. दशमी एकादशीच्या आधी, एकादशी द्वादशीच्या आधी, म्हणून दशमी द्वादशीच्या आधी. बरोबर. ‘आधी’ हा संबंध असा पुढे सरकतो. पण ‘लगेच आधी’ सरकत नाही. दशमी एकादशीच्या लगेच आधी, एकादशी द्वादशीच्या लगेच आधी. म्हणून दशमी द्वादशीच्या लगेच आधी? वारकऱ्याचा उपवासच बुडाला! दोन्ही नोंदी ‘सारख्याच दिसतात’ म्हणून कुणी एक केल्या आणि पुढे सरकण्याचा नियम तसाच ठेवला, तर यंत्र हेच करेल, आणि लाखो नोंदींमध्ये करेल.

मग दुरुस्ती करायची कशी? मी संगणकशास्त्रज्ञ नाही, त्यामुळे लक्षणकाराच्या पद्धतीने सांगतो. व्याख्येचे दोष आम्ही तीन मानतो : अव्याप्ती, अतिव्याप्ती, असंभव. जिथे लागायला हवी तिथे न लागणं, नको तिथे लागणं, आणि कुठेच न लागणं. दोन व्याख्या समोर आल्या की एक असं उदाहरण शोधायचं जिथे एक लागते आणि दुसरी लागत नाही. हे उदाहरण बहुतेक वेळा काठावर सापडतं : दोन खंड नुसते भिडतात तिथे, खंडाऐवजी क्षण असतो तिथे, चाळीस मिनिटांच्या जेवणात. असं एकही उदाहरण सापडलं नाही, आणि दोन्हींचे नियमही सारखे असले, तरच त्या व्याख्या एक. सापडलं, तर त्या दोन. मग त्यांना दोन नावं द्या, आणि शक्य असेल तिथे दोन्ही एका मूळ संबंधावरून रचा.

एक ठरल्या, तरी पुसायचं नाही. हे आपल्याला सातबाऱ्यावरून माहीत आहे. जमीन दुसऱ्याच्या नावे झाली म्हणून जुनं नाव खोडरबराने घालवत नाहीत. ते कंसात जातं आणि फेरफार क्रमांक पडतो. उद्या कुणी विचारलं तर माग काढता येतो. चांगल्या ऑन्टॉलॉजीतही हेच करतात. जुनी नोंद कालबाह्य म्हणून खूण करतात, तिच्या जागी कोणती आली ते लिहितात, आणि तिचा क्रमांक पुन्हा दुसऱ्या कशाला देत नाहीत. जीन ऑन्टॉलॉजीत दोन संज्ञा एक केल्या तर जुना क्रमांक पर्यायी क्रमांक म्हणून जपला जातो. कारण त्या क्रमांकावर कुणीतरी, कुठेतरी, दहा वर्षांपूर्वी काम करून ठेवलेलं असतं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. लोक म्हणतात, सर, एवढा काथ्याकूट कशाला? सगळ्यांनी एका दिवशी लक्ष्मीपूजन केलं म्हणजे झालं. एक प्रमाण ठरवा आणि पुढे चला.

याचा एक मोठा प्रयोग देशाने केला. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. १९५५ ला अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ ला, १ चैत्र १८७९ या तारखेने, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. शास्त्रीय दृष्टीने काम नीटनेटकं. पण आज तुमच्यापैकी किती जणांना आजची राष्ट्रीय तारीख सांगता येईल? (हशा) मीही सकाळी बघून आलोय. जुन्या व्याख्या होत्या तिथेच राहिल्या, आणि त्यांच्या शेजारी एक नवी आली. नवं प्रमाण आणलं म्हणजे दुहेरीपण गेलं असं होत नाही; जुन्या प्रत्येक नोंदीपासून नव्यापर्यंत वाट बांधावी लागते.

आणि आक्षेपातली दुसरी गोष्ट. एक दिवस ठरवायला माझी हरकत नाहीच. बँकेला, शाळेला, बाजाराला एकच दिवस लागतो. पण ठरवणं हा निर्णय आहे. व्याख्या वेगळी, निर्णय वेगळा. कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये आपल्या ग्रंथाला नाव दिलं ‘निर्णयसिंधु’. आपल्या दिनदर्शिकेच्या नावातही ‘निर्णय’ आहे. हे शब्द प्रामाणिक आहेत. ते सांगतात : मतं दोन होती, आम्ही हे घेतलं. भीती असते ती निर्णय व्याख्येचा वेश घेतो तेव्हा. ‘व्यापिनीचा अर्थच हा’ असं म्हटलं की दुसरा पक्ष एकदम अडाणी ठरतो, आणि त्याने काय पाहिलं होतं ते नोंदवहीतून नाहीसं होतं. सामायिक यादीत दुहेरी नोंद काढणाऱ्या संपादकाच्या हातात ही सत्ता असते. त्याने एका कळीने ‘एक करा’ म्हटलं की कुण्या प्रयोगशाळेचं ‘जेवणानंतर’ दुसऱ्या प्रयोगशाळेच्या ‘जेवणानंतर’मध्ये विरघळतं. त्याने एवढंच लिहून ठेवावं : या दोन नोंदी अर्थाने एक होत्या म्हणून एक केल्या, की वेगळ्या होत्या आणि सोयीसाठी आम्ही एक निवडली. या एका ओळीवर पुढचा माणूस माग काढू शकतो.

वैशेषिकांनी काळ एकच मानला. एक, नित्य, सर्वत्र असणारा. तो दिसत नाही. आधीचं, नंतरचं, एकाच वेळचं, उशिराचं, लवकरचं, अशा आपल्या प्रत्ययांवरून तो आहे असं अनुमान करायचं. म्हणजे हे कालसंबंधच काळाच्या खुणा आहेत. खुणांत घोळ झाला तर काळाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते आपलं : गोळी वाढते, उपवास चुकतो, पाणी येऊन जातं.

माझ्या वहीचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. जुने आकडे मी खोडले नाहीत. नव्या जागेच्या पहिल्या आकड्याआधी एक आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘इथून पुढे पहिल्या घासापासून’. डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही.

प्रश्न असतील तर घेऊ या. फक्त ‘चार दिवसांआड’चा निकाल माझ्याकडे मागू नका.